मदत हवी आहे : विकलेलं आजोबांचं वेब्ली रिव्हॉल्व्हर शोधायचंय

नमस्कार मंडळी. आम्ही कोरेगाव तालुक्यातले, जिल्हा सातारा.

डिसेंबर २०१९ मध्ये शस्त्र कायदा बदलला आणि एका माणसाकडे तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवायची मुभा राहिली. तात्यांच्या परवान्यावर तीन होती: बारा बोअरची दुनळी, एक रायफल आणि आजोबांचं .३२ चं वेब्ली स्कॉट, बर्मिंगहॅमचं. उसात डुकरं घुसतात, म्हणून दुनळी ठेवली. मुदत वर्षभराची होती, पण तात्यांनी घाईनं दोन महिन्यांत रिव्हॉल्व्हर एका दुकानदाराला देऊन टाकलं. आलेल्या पैशात विहिरीवरची मोटारही आली नसती. मीच गाडीवरून घेऊन गेलो होतो, त्यामुळे बोलायला तोंड नाही.

घोड्याशेजारची कळ अंगठ्यानं दाबली की नळी खाली झुकायची आणि रिकाम्या पुंगळ्या एकदम वर यायच्या. मुठीची नक्षी एका बाजूला पार झिजलेली. खंडेनवमीला पाटावर आता कोयता, दुनळी आणि रायफल, बाकी जागा मोकळी.

जुन्या परवान्यावर हत्याराचा नंबर आहे. त्यावरून दुकानदार रजिस्टर बघून पुढचा मालक कळवू शकतो का, की कलेक्टर कचेरीतच अर्ज करावा लागतो? मालक द्यायला तयार झाला, तर रायफल आधी कमी करायची की खरेदीची परवानगी आधी? कुणी हे केलं असेल तर सांगा. "नवीन घ्या" हा सल्ला घरात रोज मिळतोय.