मुळांना गाठी, आता हिवाळ्यात काय लावू? (मदत हवी आहे)

गच्चीवरची
झाडं पिवळी पडली. पाणी भरपूर, तरी दुपारी माना टाकतात. एक उपटलं तर मुळांना गाठीच गाठी. नर्सरीवाल्याने पावडर दिली, ३५० रुपये गेले, फरक शून्य. पीक बदला म्हणतात. काय लावू? रविवारी दादरला बियाणं घ्यायला जातेय, त्याआधी सांगा.

मुलुंडकर
पीक कोणतं? कुंडी की वाफा? माती किती जुनी?

कोथिंबीर_जुडी
शेण-गोमूत्राचं जीवामृत द्या. आमच्याकडे तेव्हापासून एकही कीड नाही.

मुलुंडकर
अहो, आधी गाठ कसली ते तर कळू दे! चवळी-वाल असेल तर गाठी चांगल्याच, नत्राच्या. नखाने सहज सुटतात, आत गुलाबी असतात. सूत्रकृमीची, म्हणजे मुळात शिरणाऱ्या सूक्ष्म जंतांची, गाठ सुटत नाही, मूळच सुजलेलं असतं.

गच्चीवरची
टोमॅटो हो! लिहिलं नाही का मी? गाठ ओढली तर मूळच तुटतं. बोरिवलीत सोसायटीच्या गच्चीवर विटांचा वाफा, ४ बाय १० फूट. तीन वर्षं टोमॅटो नाहीतर वांगी, पावसाळ्यात भेंडी.

उसाचा_फड
हुमणी असणार, भुंगेऱ्याची मातीतली अळी. पहिल्या वळवानंतर भुंगेरे रात्री कडुनिंबावर जमतात, फांद्या हलवून गोळा करा आणि रॉकेलच्या पाण्यात टाका. सांगलीला आम्ही हेच करतो.

मुलुंडकर
हुमणी मुळं खाते, गाठी करत नाही. आणि गच्चीवर कडुनिंब कुठला?
ताई, टोमॅटो, वांगी, भेंडी तिन्ही सूत्रकृमींची आवडती. तुम्ही त्यांना बारमाही पंगत वाढलीय. मुंबईत माती गार पडते कुठे, त्यामुळे हिवाळ्यातही त्यांचं चालूच राहतं. आता झेंडू लावा. कडेला चार रोपं नव्हे, अख्खा वाफा दाट भरून, दोन-अडीच महिने. फुलं विका हवी तर.

शेतघर_कर्जत
मोहरी लावा. फुलावर आली की चिरून मातीत गाडायची, वर पाणी. तिच्या वायूने सूत्रकृमी मरतात.

मुलुंडकर
गाडेपर्यंत मोहरीही थोडंफार पोसतेच त्यांना. शिवाय गच्चीवर तो वास आला की सेक्रेटरी वर येईल.

शेतघर_कर्जत
मी करून बघितलंय, तुम्ही वाचून बोलताय.

टॉप_फ्लोअर
गच्चीला वॉटरप्रूफिंग केलंय का? आमच्या छतातून दोन वर्षं पाणी गळतंय, वर कुणाची तरी मेथी.

कोथिंबीर_जुडी
मग हरभरा? नत्रही मिळेल.

मुलुंडकर
हरभऱ्यालाही सूत्रकृमी लागतात. भाजीच हवी तर लसूण. आणि एप्रिल-मेमध्ये माती भिजवून पारदर्शक प्लास्टिक घट्ट अंथरा, महिना-दीड महिना. पूर्ण जाणार नाहीत, पण कमी होतील.

गच्चीवरची
बरं, झेंडू आणते. वॉटरप्रूफिंग झालंय हो, टॉप_फ्लोअर. उपटलेले टोमॅटो काल कंपोस्टच्या ड्रममध्ये टाकलेत, चालेल ना?

मुलुंडकर
मुळांसकट?? आधी बाहेर काढा ते!