डीबी स्पेक्ट्रमवर डिजिटल कॅमेऱ्यातले फोटो कसे चढवायचे?

माळ्यावरची_मशीन
नमस्कार मंडळी, बाबांचा जुना घरगुती कॉम्प्युटर, डीबी स्पेक्ट्रम प्लस, माळ्यावरून काढला, ओळखीच्या एका काकांनी कपॅसिटर बदलून दिले आणि चक्क चालू झाला, टीव्हीवर कॉपीराइटची ओळ येते, बेसिक भाषेतले प्रोग्राम चालतात. आता बाबांच्या पंच्याहत्तरीला त्यांचा नि आईचा फोटो याच मशीनवर दाखवायचाय. फोटो साध्या डिजिटल कॅमेऱ्यातले, जेपीजी, एकेक ३ एमबीच्या आसपास. मशीनला ना यूएसबी ना फ्लॉपी, प्रोग्राम ज्यावरून लोड व्हायचे तो कॅसेट प्लेयर कधीच गेला. होईल का काही?

टेपवाला
होणार ना! प्लेयर नसला तरी चालतं, मोबाईल किंवा लॅपटॉपच टेप बनतो. पण जेपीजी तसाच जाणार नाही, मशीनची रॅमच ४८ केबी. स्पेक्ट्रमचा एक पूर्ण स्क्रीन म्हणजे बरोबर ६९१२ बाइट, त्यात ६१४४ चित्राचे आणि ७६८ रंगांचे. पीसीवर 'इमेज टू झेडएक्स स्पेक' हे सॉफ्टवेअर घ्या, फुकट आहे, त्यात फोटो टाकून .टॅप फाइल (म्हणजे कॅसेटची डिजिटल प्रत) काढा, तिची वेव्ह ऑडिओ फाइल करा (एमपी३ अजिबात नको, दाबलेल्या आवाजात बाइट बिघडतात) आणि हेडफोनच्या भोकातून मशीनच्या इअर सॉकेटला मोनो केबल जोडा. आवाज जवळजवळ फुल, इक्वलायझर बंद, आणि फोन फ्लाइट मोडवर टाका, मध्येच मेसेजची टुणटुण झाली की लोडिंग गेलंच म्हणून समजा.

लोड होताना बॉर्डरकडे, म्हणजे चित्राभोवतीच्या चौकटीकडे, बघत राहा. लाल-निळसर जाड पट्टे सरकले म्हणजे सिग्नल पोचतोय, मग पिवळे-निळे बारीक पट्टे म्हणजे डेटा. नुसतीच बॉर्डर सेकंदा-सेकंदाला लाल नि निळसर होत राहिली तर काहीच ऐकू येत नाहीये, आवाज वाढवा नाहीतर मध्ये छोटा अँप लावा. एक फोटो साधारण पाऊण-एक मिनिटात येतो.

आठबायआठ
टेपवालादादांनी पोचवायचं सांगितलं, पण खरी मेहनत त्याच्या आधी आहे आणि तिथेच लोक घाई करतात. स्क्रीन २५६ बाय १९२, म्हणजे ४:३, तुमचा साधा कॅमेरा पण बहुतेक ४:३ च असेल, त्यामुळे आकार जुळवायला कापाकापी नको. अडचण रंगांची. ८ बाय ८ ठिपक्यांच्या एकेका चौकोनात फक्त दोन रंग बसतात, आईंच्या साडीचा लाल आणि गालाचा रंग एकाच चौकोनात आले की कडेला चौकोनी डाग पडणार म्हणजे पडणारच.

म्हणून आधी फोटो काळा-पांढरा करा, कॉन्ट्रास्ट चांगला चढवा, पार्श्वभूमी साफ काळी करून टाका आणि दोघांचे चेहरे स्क्रीनभर येतील इतकं जवळून क्रॉप करा. लांबून काढलेला ग्रुप फोटो घेतलात तर डोळा म्हणजे दोन ठिपके उरतात, ओळखू कोण येणार? डिदरिंगचे (मोजक्या रंगांचे ठिपके मिसळून मधल्या छटा भासवायचे) दोन्ही प्रकार करून बघा, फ्लॉइड-स्टाइनबर्गमध्ये चेहरा जास्त मऊ येतो, बायरमध्ये जाळी दिसते पण जुन्या टीव्हीवर ती छान मिसळते. रंग हवाच असेल तर नंतर मल्टीपेंट या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये फक्त साडीच्या चौकोनांना हाताने द्या.

नाशिककर८५
बरेच फोटो दाखवायचे असतील तर डिव्हएमएमसी नावाचं एसडी कार्डचं जोडयंत्र बघा, मशीनच्या मागच्या एज कनेक्टरला लागतं, एसडी कार्डवर .टॅप फाइली टाकायच्या, क्षणात लोड. फक्त ते लावताना-काढताना पॉवर बंदच पाहिजे, चालू मशीनला हात लावलात तर चिप उडू शकते आणि जुन्या चिपा आता सहज मिळत नाहीत.

माळ्यावरची_मशीन
भारी! सध्या केबलनेच करतो, पट्टे सरकताना बघायला बाबांना जास्त आवडेल. फोटो आल्यावर खाली काही मेसेज येऊन तो झाकला जातो का?

टेपवाला
हो, शेवटी ओके चा मेसेज खालच्या ओळीत येतो. म्हणून थेट कमांड न देता छोटा प्रोग्राम करा: १० लोड "" स्क्रीन$ आणि २० पॉझ ०. मग की दाबेपर्यंत फोटो अख्खा राहतो. अक्षरं एकेक टाइप करू नका हां, अख्खा शब्द एकाच कीने येतो: लोड 'जे' च्या कीवर आहे आणि स्क्रीन$ साठी एक्स्टेंड मोड दाबून मग सिंबॉल शिफ्ट धरून 'के' ची की दाबा. रन करा, फोनवर प्ले करा, आणि फोटो तीन भागांत रेघारेघांनी भरत जाईल तेव्हा सगळा काळा-पांढराच दिसेल, रंग अगदी शेवटी येतात, मध्येच बंद करू नका.