गणपतीच्या मांडवात ब्लॅक कॉमेडी : तुमचे अनुभव लिहा

सिंदफणाकाठ

परवा पुतण्याचा फोन आला. "काका, यंदा मंडळात नाटक बसवायचंय. हसवणारं पाहिजे, पण नुसतं हसवणारं नको." फोन ठेवला आणि २०१५ चा गणपती जसाच्या तसा डोळ्यापुढं आला. म्हणून हा धागा.

त्या वर्षी गणेश चतुर्थी १७ सप्टेंबरलाच होती. सकाळी मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन, दुपारी स्थापना. दुष्काळाचं लागोपाठ दुसरं वर्ष, गावात टँकर चालू. वर्गणी मागायला दारात उभं राहायची लाज वाटायची. मंडळानं देखावा रद्द केला, डीजे रद्द केला, तेव्हा कुठं आम्हा पोरांच्या नाटकाला जागा मिळाली.

नाटक असं होतं : आत्महत्या केलेला शेतकरी स्वतःच स्वतःची फाइल घेऊन कचेरीत येतो. मदत एक लाखाची, तीस हजार हातात आणि सत्तर हजार ठेवीत. त्यासाठी केस 'पात्र' ठरली पाहिजे. जमीन नावावर पाहिजे, कर्ज बँकेचं नाहीतर परवानावाल्या सावकाराचं पाहिजे, ते थकलेलं पाहिजे, तगादा पाहिजे. कारकून एकेक कागद बाहेर काढतो. "सातबारा वडिलांच्या नावावर आहे, म्हणजे तुम्ही शेतकरी नाहीत." "सावकाराकडं परवाना नाही, म्हणजे तुमच्यावर कर्जच नाही." शेवटी म्हणतो, "इथं सही करा." मयत पेन उचलतो तर कारकून ओरडतो, "तुम्ही मयत आहात, तुमची सही कशी चालंल?"

मयताच्या नाकात कापसाचे बोळे. बोलायचं असलं की एका हातानं एक बोळा काढायचा, वाक्य संपलं की परत नाकात. पहिला बोळा काढला तेव्हा समोर चिडीचूप. कोणी हसंना, कोणी उठंना. विंगेत आमचे हातपाय गार. मग पुढच्या सतरंजीवरच्या बायांमधून एकीचा आवाज आला, "बोल बाबा, आता तरी बोल." आणि तिथून जे हसू फुटलं ते "सत्तर ठेवीत" या वाक्याला तर थांबेचना. त्या बायांमध्ये दोन घरं अशी होती की ज्यांनी हे सगळे कागद खरोखर गोळा केले होते.

हरकत आली ती खुर्चीवाल्यांकडून. मोठी पावती फाडणाऱ्या एकानं आदल्या रात्रीच निरोप धाडला होता, "बाप्पासमोर मढं आणायलेत का?" म्हणून आम्ही स्टेज मूर्तीसमोरून हलवलं आणि शाळेच्या ओट्यावर नेलं. नाटकातली एक ओळसुद्धा काढली नाही.

माझं मत तेव्हापासून पक्कं आहे. ज्याच्या घरावरून हे गेलंय त्याला हा विनोद सगळ्यात आधी कळतो, कारण त्यानं तो रांगेत उभं राहून भोगलेला असतो. फक्त हसू कोणावर आहे हे बसवणाऱ्याला ठाम माहीत पाहिजे. मयतावर हसवलं की संपलं. हसायचं ते कागदावर.

तुम्ही कधी गणपतीत, नवरात्रात, उरुसात असलं बोचणारं नाटक केलंय का? पाहिलंय का? लिहा.

ढोकीची_लेक

बोळ्याचं वाचून अंगावर काटा आला. भाकरी टाकता टाकता वाचतेय, नंतर लिहिते.

डिमरवाला

लातूरचा. आमची बाजू पण मांडतो, लाइटवाल्यांना कोणी विचारत नाही.

मांडवात ब्लॅकआउट होतच नाही राव. तुम्ही डिमर खाली आणला तरी मागं मंडळाची रोषणाई लखलखायलेली, शेजारी पाळण्याचे दिवे, समोर वडापावची गाडी. हॉलमध्ये काळोख पडला की माणूस गप होतो, काळ्या विनोदाला तो गप्पपणा लागतो. मांडवात तो मिळत नाही. त्यामुळं आम्ही ब्लॅकआउट सोडूनच दिला. सीन बदलायचा तर हॅलोजन सरळ पब्लिकच्या तोंडावर मारायचा. डोळे दिपले की तेवढ्यात स्टेजवरची माणसं हलतात. आणि एक फायदा असा की लोकांना एकमेकांचे चेहरे दिसतात. आपल्या शेजारचा हसायलाय हे दिसलं की माणूस मोकळा हसतो.

वेळेचं म्हणाल तर भोंगा रात्री दहाला बंद. वर्षातले ठरावीक दिवस सोडले, ज्यांना सरकार बारापर्यंत सूट देतं, तर दहा म्हणजे दहा. आरती साडेआठला संपणार, मग प्रसाद, मग बक्षिसं, मग सत्कार. नाटकाला उरतो जेमतेम तास. दोन अंकी घेऊन येऊ नका पोरांनो.

उक्कडगाव

सत्काराचं अगदी बरोबर. आमच्याकडं एकदा नाटक मध्येच थांबवून नारळ दिलेत. मयताला पण दिला, त्यानं पडल्या पडल्या घेतला 😄

ढोकीची_लेक

आले. भाकरी झाल्या.

आमच्या नाटकात मयताची बायको मी केली होती. गावात बायकांचं काम बायकांनी करायची पद्धत तोवर नव्हती, कोणीतरी मिसरूड काढलेला पोरगा लुगडं नेसून यायचा. मी हो म्हटलं, नवऱ्यानं हो म्हटलं, सासूबाईंनी एकच अट घातली : "खोटं खोटं सुद्धा कुंकू पुसायचं नाही. सणाचे दिवस आहेत." तालमी चालू, आणि सगळा सीन तर त्याच्यावरच उभा. अर्जावर फोटो लावायचाय आणि साहेब म्हणतो, फोटोत टिकली आहे, मग नवरा मेला कशावरून?

दिग्दर्शकानं वाक्यं बदलून पाहिली, जमेना. शेवटी तालमीत माझ्या हातून आपोआप झालं. मी कपाळाची टिकली काढली आणि अर्जावर जिथं तिकीट लावतात तिथं चिकटवली. म्हटलं, "घ्या साहेब, हीच ठेवा पुराव्याला." पुसलं काहीच नाही. प्रयोगात त्या जागी कोणी हसलं नाही, टाळी पण नाही. पुरुष खाली बघायले. बाया मात्र माझ्याकडंच बघत होत्या.

सासूबाई पहिल्या रांगेत होत्या. घरी आल्यावर त्यांनी नवं टिकल्यांचं पाकीट माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "उद्याच्या गावात पण असंच कर."

सिंदफणाकाठ

ताई, हे कुठंतरी नीट लिहून ठेवा. असला प्रसंग टेबलावर बसून सुचत नाही.

पैठणवेस

नाट्यशास्त्र विभागातली माझी वर्षं आठवली, आपल्या विद्यापीठातली. तिथं सतीश आळेकरांच्या 'महानिर्वाण'वर तासन्‌तास बोललोय. १९७४ चं नाटक, मेलेला भाऊराव स्वतःच कीर्तन करतो. पुण्याच्या चाळीतलं आहे, पण मला कायम वाटत आलंय की त्याला खरा कान आपल्याकडं आहे. कीर्तनात कुठं हसायचं आणि कुठं टाळ थांबवायचा हे आपल्या म्हाताऱ्यांना शिकवावं लागत नाही.

आणि "बाप्पासमोर मढं" म्हणणाऱ्यांना नाथांचं भारूड आठवण करून द्या. सून भवानीला रोडगा कबूल करते, आणि बदल्यात काय मागते? सासरा, सासू, जाऊ, नणंद, एकेकाचा निकाल लाव म्हणते, नवऱ्यालासुद्धा सोडत नाही. सोळाव्या शतकातलं हे. पैठणला नाथषष्ठीला आजही लोक पोट धरून हसतात, आणि शेवटच्या कडव्याला हातही जोडतात. देवासमोर असलं बोलायची परंपरा आपलीच आहे. ती बाहेरून आणलेली नाही.

भाकरतुकडा

रोडग्यावरून आठवलं, वांग्याची भाजी आणि रोडगे खाऊन किती दिवस झाले. गोवऱ्यांवर भाजलेले. गॅसवर ती चव येत नाही. कोणी ओव्हनमध्ये करून पाहिलेत का?

ढोकीची_लेक

ओव्हनमध्ये वरून कडक होतात, आत कच्चे राहतात. अप्पेपात्रात छोटे करा, झाकण ठेवून मंद आचेवर, वरून तूप. पीठ जाडसर दळून आणा, नाहीतर चिवट होतात.

उक्कडगाव

धागा नाटकाचा आहे हो. पण तूप जास्त घाला.

अंबडरोड

बरेच दिवसांनी लॉगिन केलं ते इथं लिहायलाच.

माझे वडील गेले तेव्हा मी नववीत होते. आमची केस अपात्र झाली. जमीन आजोबांच्या नावावर होती. पुढच्या वर्षी शेजारच्या गावात गणपतीत असंच नाटक होतं, आम्ही मायलेकी मावशीकडं गेलो होतो म्हणून बघायला गेलो. कोणी सांगितलं नव्हतं कशावर आहे. विनोदी आहे एवढंच भोंग्यावर सांगत होते. मयत स्टेजवर आला आणि आई उठली. गर्दीतून वाट काढत निघाली, लोक म्हणत होते, "बसा हो मावशी, दिसत नाही."

वरती लिहिलंय की ज्याच्या घरावरून गेलंय त्याला विनोद आधी कळतो. मला कळला. मी पंधरा वर्षांची होते आणि सातबाऱ्याच्या वाक्याला मला हसू आलं होतं. आईला ते हसू दिसलं की नाही, मी आजपर्यंत विचारलेलं नाही. पण तिला कळायला पाहिजे होतं असं मी म्हणणार नाही. तिनं बघू नये हा तिचा हक्क होता, आणि तो तिला कोणी दिला नाही.

सिंदफणाकाठ

ताई, तुमचं वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. तुमचं म्हणणं पूर्ण मान्य. आमच्या गावात ती दोन घरं आम्हाला माहीत होती, त्यांना आधी जाऊन संहिता वाचून दाखवली होती, आणि त्यांनी या म्हटल्यावरच आम्ही पुढं गेलो. पण परगावाहून आलेल्याचं काय, हा प्रश्न खरा आहे. पुतण्याला सांगतो, भोंग्यावर नुसतं "विनोदी नाटक" असं कोणी ओरडायचं नाही. नाटक कशावर आहे ते स्पष्ट सांगायचं, आरतीच्या आधी आणि नंतरही. उठून जाणाऱ्याला वाट मोकळी ठेवायची. कार्यकर्ते मध्ये उभे राहतात तिथंच वाट अडते.

औसेकर_काका

मुली, तुझ्या आईला नमस्कार सांग.

आमच्या भागाचं सांगतो. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमाराला भूकंप. आदल्या दिवशी विसर्जन झालेलं, माणसं मिरवणुकीनं थकून झोपलेली. किल्लारी, सास्तूर, सगळा पट्टा गेला. पुढच्या वर्षी गणपती बसवायचा का नाही यावरच पत्र्याच्या शेडमध्ये बैठका झाल्या. बसवला. आणि त्या शेडसमोर आमच्यातल्या काही पोरांनी एक छोटा प्रवेश केला, मदतीला आलेल्या सामानावर. थंडीच्या देशातले लोकरीचे कोट आलेले, उंच टाचांच्या चपला आलेल्या. म्हातारा धोतरावर तो कोट घालून मिरवतो आणि म्हातारी विचारते, "आता कुठल्या गावचं म्हणायचं तुमाला?" एवढंच. पाच-सात मिनिटांचं.

मेलेल्यांबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. तसं कोणी ठरवलं नव्हतं, पोरांना तेवढं कळत होतं. लोक हसले, आणि हसता हसता कितीतरी जण वर्षात पहिल्यांदा रडले. दोन वर्षं गेली असती तर कदाचित मेलेल्यांवरही बोलता आलं असतं. किती दिवस थांबायचं हे गावाला बघून ठरवावं, संहिता बघून नाही.

पैठणवेस

काका, शेवटचं वाक्य प्रत्येक तालमीच्या खोलीत लावावं असं आहे.

अंबडरोड

काका 🙏 सांगते.

नवा_गडी_२३

दादांनो मीच तो पुतण्या, काकांनी लिंक धाडली. एक विचारायचं होतं, आमच्या मंडळाचे अध्यक्ष म्हणायलेत सेन्सॉर लागतं. गावातल्या नाटकाला पण लागतं का? आणि ते ब्रिटिशांचा कायदा आहे म्हणायलेत, खरं का

पैठणवेस

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ब्रिटिशांचा कायदा म्हणजे १८७६ चा नाट्यप्रयोग कायदा. तो केंद्रानं २०१८ मध्ये रद्द केला. आपल्याकडं लागतं ते रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र, ते पोलीस कायद्याखालच्या नियमांतून आलंय. संहिता पाठवायची, ते वाचतात, काही काढायला सांगतात किंवा तशीच मंजूर करतात. राज्य नाट्य स्पर्धेत उतरायचं तर ते लागतंच. गावच्या मांडवात सहसा कोणी विचारत नाही, पण विषय असा असला तर घेऊन ठेव. ज्याला प्रयोग बंद पाडायचाय तो पहिलं तेच मागतो. ठाण्यात मंडपाच्या परवानगीचा अर्ज करता, त्याच्यासोबत प्रमाणपत्राची झेरॉक्स लाव.

आणि घाबरू नको. १९७० मध्ये तेंडुलकरांच्या 'गिधाडे' नाटकात लुगड्यावरचा लाल डाग सेन्सॉरला चालला नाही. दिग्दर्शक डॉ. श्रीराम लागूंनी डाग निळा केला आणि प्रयोगाआधी जाहीर सांगितलं की हा निळा डाग लाल समजा. वाट निघते.

डिमरवाला

पुतण्या, लाइट कोणाचे आहेत? जनरेटर मंडळाचा का भाड्यानं? भाड्यानं असेल तर आवाज करणारा घेऊ नको, कारकुनाचं एक वाक्य ऐकू येणार नाही. लांब ठेवायचा, शाळेच्या मागं, आणि केबल वरून ओढायची. पोरं पाय अडकून पडतात.

नवा_गडी_२३

जनरेटर मंडपवाल्याचाच आहे दादा, जुना आहे. शाळेच्या मागं खड्डा आहे पाण्याचा. आणि ओटा आता राहिला नाही, तिथं नवीन खोली बांधलीय. ग्रामपंचायतीसमोर करावं म्हणतोय, जागा मोठी आहे

डिमरवाला

जागेचे फोटो टाक. दिवसा एक, रात्री एक. मी सांगतो हॅलोजन कुठं लावायचे.

ढोकीची_लेक

आणि बायकोचं काम कोण करतंय? मुलगीच घ्या रे. तालमीची वेळ तिच्या घरच्यांना विचारून ठरवा, आपल्या सोयीनं नाही. आमच्या तालमी सातला संपायच्या म्हणून मला करता आलं.

नवा_गडी_२३

हाव ताई, आमच्या कॉलेजातली एक तयार आहे. तिची आई पण तालमीला येऊन बसणार म्हणाली. तिच्या आईला पण एक काम देऊ का विचार चाललाय