विष्णू नावाचे दोन स्वरलेखक

विष्णू नावाच्या प्रसिद्ध मंडळींची एक यादी वाचली; तीत संगीतज्ञ विष्णू नारायण भातखंडे आणि विष्णू दिगंबर पलुसकर यांना एकत्र धरावं, दोघांनीही गाणं कागदावर उतरवलं, असं म्हटलंय. काम सारखं, हे मान्य. पण दोघांच्या खुणा वेगळ्या आहेत आणि तिथेच शिकणारा अडखळतो. भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावर टिंब असेल तर तो तार म्हणजे वरच्या सप्तकातला. पलुसकर पद्धतीत तेच टिंब मंद्र म्हणजे खालच्या सप्तकाचं, तारसाठी उभी रेघ. कोमल म्हणजे उतरलेल्या स्वराला भातखंडे खाली आडवी रेघ देतात, पलुसकर पाय मोडल्यासारखी खूण. एका जुन्या पुस्तकातून बंदिश बसवताना मी मंद्रातला नी आठवडाभर तार सप्तकात ओढत होतो. गुरुजींनी पान पाहिलं आणि नुसतं त्या टिंबावर बोट ठेवलं. त्यामुळे कुठलंही जुनं पुस्तक उघडलं की आधी चिन्हांची माहिती दिलेलं पान वाचा.

त्याच यादीतले लेखक वि. स. खांडेकर आणि वि. वा. शिरवाडकर मात्र जन्माने विष्णू नव्हते: एक गणेश, दुसरे गजानन. दोघंही दत्तक गेले आणि विष्णू झाले. ज्ञानपीठ दोघांनाही मिळालं, खांडेकरांना 1974 चं, शिरवाडकरांना 1987 चं.