वाहतुकीवरच्या मोठ्या खर्चासाठी मुंबईकरांचं मतदान घ्यावं का?

दादरचा_टिळकपूल: लॉस एंजेलिसमध्ये २०१६ ला लोकांना सरळ विचारलं, विक्रीकर अर्ध्या टक्क्याने वाढवतो, त्यातून मेट्रो, बस, रस्ते करतो, चालेल का? दोन तृतीयांश मतं लागत होती, ७१ टक्क्यांच्या आसपास पडली. आपल्याकडे प्रिन्सेस स्ट्रीट ते वरळी साडेदहा किलोमीटरच्या कोस्टल रोडवर महापालिका १२ हजार कोटींच्या वर खर्च करते, आणि स्वतःच्याच बेस्टला २०२५-२६ च्या बजेटमध्ये १,००० कोटी. वर मे २०२५ पासून साध्या बसचं कमीत कमी तिकीट ५ चं १० झालं. कोणी विचारलं आपल्याला? रस्ता की बस, एकदा मत घ्या ना.

गिरगावकर७७: कॅनडात व्हँकुव्हरला पण घेतलं होतं मत, २०१५ ला, तसाच अर्ध्या टक्क्याचा कर. ६२ टक्के लोक नाही म्हणाले. खिशात हात घालू का असं विचारल्यावर हो कोण म्हणणार, आणि इथे तर ५०० फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ आहे म्हणजे मत सगळे देणार आणि बिल थोडेच भरणार. निवडून कशाला देतो मग नगरसेवक?

दादरचा_टिळकपूल: तेव्हा कुठले नगरसेवक होते? मार्च २०२२ ला मुदत संपली, भाडेवाढ झाली तेव्हा सभागृह रिकामंच होतं. आणि भरत नाही कसं, मुंबईत घर घ्या, मुद्रांक शुल्कात १ टक्का मेट्रोसाठी जातोच की.

गिरगावकर७७: कोस्टल रोडचं काम २०१८ ला सुरू झालं तेव्हा होते ना नगरसेवक. सोयीचं तेवढंच सांगायचं.

वरळी_सीफेस: त्या रोडला शिव्या घालायची फॅशनच झालीये. टोल नाही, सिग्नल नाही, दहा मिनिटांत मरीन ड्राइव्ह. आईला डॉक्टरकडे न्यायचं असलं की कळतं काय फरक पडलाय ते.

स्कूटरवाली: ताई छान, पण दुचाकीला तिथे बंदी आहे. टोल नाही म्हणजे फुकट नव्हे, पैसे माझेही गेलेत त्यात.

कल्याण_स्लो: मतदान घ्या हो, पण कोणाचं? मी रोज कल्याणहून भायखळ्याला येतो, ऑफिस मुंबईत, बस बेस्टची, आणि मुंबई महापालिकेत मला मत नाही. एमएमआरमध्ये, म्हणजे मुंबई महानगर प्रदेशात, ९ महापालिका आहेत, गर्दी मात्र एकच. कोस्टल रोड की बस हे दादर-गिरगावातले लोक ठरवणार आणि आम्ही मुंब्र्याला दारात लटकून निकाल ऐकणार, असंच ना? लोकल सुधारायच्या एमयूटीपी योजनेचे पैसे तर रेल्वे आणि राज्य निम्मे निम्मे घालतात, तो प्रश्न तुमच्या मतपत्रिकेवर येणारच नाही, आणि आमचा मेन प्रश्न तोच आहे!

जकातनाका: सगळे हवेत गोळ्या मारताय. २०१७ ला जीएसटी आला आणि जकात गेली, महापालिकेचा हक्काचा मोठा पैसा तोच होता. आता राज्याकडून भरपाई येते, तिची वाट बघायची. अर्धा टक्का विक्रीकर लावायचा अधिकारच महापालिकेला नाही, तर मतदान कशावर घेणार?

दादरचा_टिळकपूल: नवा कर मी म्हटलंच नाही. २०२५-२६ चं बजेट ७४ हजार कोटींचं होतं, अशा बजेटमधलं बेस्टला किती द्यायचं एवढंच विचारा. २ हजार कोटी द्यायचे का, हो किंवा नाही.

गिरगावकर७७: आणि ते जादा हजार कोटी कुठून काढणार हेही छापा तिथेच. नालेसफाईतून की हॉस्पिटलमधून? नाहीतर फुकटच्या जेवणाला नाही कोण म्हणतंय.

दादरचा_टिळकपूल: छापा की. पुढच्या रस्त्याच्या टेंडरमधून असं छापा.

वरळी_सीफेस: मग माझं मत नाही.

कल्याण_स्लो: बघा, यांना निदान नाही म्हणता येतंय. माझं मत धरणार का ते अजून कोणी बोललं नाही.