मोपाने अळ्या वाळवल्यावर बुरशी का धरतात?

लिंपोपोवाट: दक्षिण आफ्रिकेतल्या लिंपोपो प्रांतातल्या एका बचत गटासाठी विचारतो आहे. बायका मोपाने झाडांवरच्या अळ्या (व्हेंडा भाषेत माशोंझा) वेचतात, उकडून वाळवतात आणि विकतात. डिसेंबरचा माल पोत्यात लगेच बुरसटतो आणि खाताना कचकच लागते, म्हणून व्यापारी भाव पाडतो. कुठे चुकतंय? आणि या अळ्या घरी पाळता येतील का?

वाळवण: दोन्ही तक्रारींचं मूळ बहुधा पोट नीट रिकामं न होण्यात आणि जमिनीवर वाळवण्यात आहे. पाचव्या म्हणजे शेवटच्या अवस्थेतली, बोटाएवढी जाड अळीच घ्या. अंगावर काटे असतात, हातमोजे घाला. शेपटीचं टोक चिमटून डोक्याकडून मागे दाबत या, हिरवा लगदा बाहेर पडतो. तो राहिला तर माल कडवट लागतो, आत ओल राहते आणि बुरशी तिथूनच सुरू होते. हे काम वेचल्या दिवशीच उरका.

मग दोन-तीन पाण्यांतून धुवा, मिठाच्या पाण्यात अर्धा तास उकडा आणि पूर्ण निथळू द्या. मातीवर पसरू नका, कचकच तिथूनच येते. जमिनीपासून कंबरेइतक्या उंच जाळीवर एकच थर पसरा. कडक उन्हात दोन-तीन दिवस लागतात. मोडल्यावर कडकन तुटली, वाकली नाही, तर वाळली. गरम असतानाच पिशवीत भरली तर वाफेचं पाणी आत सुटतं. गार झाल्यावरच भरा आणि तोंड घट्ट बांधा, नाहीतर साठवणीतले भुंगेरेही शिरतात.

लिंपोपोवाट: डिसेंबरात ऊन नसतंच, तेव्हा?

वाळवण: पहिला हंगाम ऐन पावसातच येतो, म्हणून तर डिसेंबरचा माल बिघडतो. मंद धगीवर, धुरावर वाळवा. धुराची चव सगळ्यांना आवडत नाही, म्हणून तो माल वेगळा ठेवा. मार्च-एप्रिलचा दुसरा हंगाम आला तर तो उन्हात वाळवायला सोपा जातो.

रानपाखरू: पाळण्याच्या भानगडीत लगेच पडू नका. दाटीत विषाणू आणि जिवाणूंची लागण झाली की अख्खा गठ्ठा सडतो. अंड्यांवर परजीवी गांधीलमाश्या येतात. शिवाय कोष जमिनीखाली महिनोन्‌महिने निपचित पडून राहतो, त्यामुळे वर्षभर सारखा माल निघत नाही. या अळ्यांचा पतंग आपल्या विदर्भातल्या टसर रेशमाच्या पतंगाच्याच कुळातला, म्हणून टसरवाल्यांना हे दुखणं लगेच कळेल.

त्यापेक्षा रान सांभाळा. उंचावरच्या अळ्यांसाठी फांद्या, कधी अख्खं झाड तोडतात. मोपानेची पानं आपट्यासारखी जोडीनं येतात आणि अळ्यांची मुख्य भिस्त त्यांवरच. झाड गेलं की पुढचा हंगामही गेला. लहान अळ्या अजिबात काढू नका. प्रत्येक झाडावर थोड्या मोठ्याही सोडा, त्या जमिनीत उतरून कोष करतील तेव्हाच पुढची पिढी येईल. बचत गटानं वेचणीची तारीख ठरवून सगळ्यांनी एकदम सुरुवात केली, तर 'आधी जाईल तो नेईल' ही घाई थांबते.

आहारशास्त्र: विक्रीच्या पाकिटावर दोन सूचना जरूर छापा. कोळंबी-खेकड्याची ॲलर्जी असलेल्यांनी या अळ्या खाऊ नयेत, दोन्हींतली काही प्रथिनं सारखी असतात. आणि पुरवठा अपुरा पडला म्हणून दुसऱ्या जातीच्या अळ्या त्यात मिसळू नका. नायजेरियात अनाफे जातीच्या अळ्यांमुळे लोकांचा तोल जातो, हातपाय थरथरतात. त्यांच्यातलं जीवनसत्त्व ब1 मोडणारं विकर (एन्झाइम) उष्णतेलाही बऱ्यापैकी टिकतं, त्यामुळे उकडून धोका टळत नाही.