पावसाळा ठाऊक नसलेलं मॉडेल उंचीच्या कामाला का वापरायचं?

सह्यभूमिती
जीपीएससारख्या उपग्रहाचा सिग्नल तपांबरातून, म्हणजे हवेच्या सगळ्यात खालच्या थरातून येताना रेंगाळतो. उपग्रह डोक्यावर असेल तर समुद्रसपाटीला हा उशीर अंतराच्या हिशेबात अडीच मीटरच्या आसपास भरतो, आणि क्षितिजापासून 5 अंशांवर असेल तर त्याच्या दहापट. आयनांबराचा, म्हणजे त्याहून वरच्या विद्युतभारित थराचा, परिणाम दोन फ्रिक्वेन्सी वापरून काढून टाकता येतो. इथे ती सोय नाही, कारण एल-1 फ्रिक्वेन्सी काय आणि एल-5 काय, तपांबर सगळ्यांना सारखंच अडवतं. म्हणून मॉडेल लागतं. कोरड्या हवेचा भाग दाबावरून छान निघतो, 1 हेक्टोपास्कलला सुमारे 2.3 मिमी. खरा घोळ बाष्पाचा.

आपण सर्रास वापरतो ती मॉडेलं मान्सूनसाठी बनलेलीच नाहीत. उंचीच्या कामात ती डोळे मिटून वापरणं थांबलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

'गगन'च्या, म्हणजे विमानांसाठी जीपीएसच्या चुका सुधारणाऱ्या भारतीय यंत्रणेच्या, रिसीव्हरमधलं प्रमाण मॉडेल मूळ कॅनडातल्या न्यू ब्रन्सविक विद्यापीठाचं आणि त्यातले आकडे अमेरिकेच्या 1966 सालच्या प्रमाण वातावरणाचे. त्या तक्त्यात 15 अंश अक्षांशाच्या ओळीत ऋतुबदलाचे सगळे आकडे शून्य आहेत! पणजी साडेपंधरा अंशांवर. सूत्रात घालून बघा: बाष्पामुळे होणारा उशीर जानेवारीत 27 सेंमी, जुलैतही जवळजवळ तेवढाच. प्रत्यक्षात भर पावसाळ्यात किनाऱ्यावरच्या हवेत 60 मिमी पाण्याइतकं बाष्प असू शकतं, म्हणजे सुमारे 38 सेंमी उशीर.

आरटीकेलिब या जीपीएस डेटाच्या सॉफ्टवेअरमधलं सास्तामोइनेन मॉडेल तर समुद्रसपाटीला 15 अंश सेल्सिअस आणि 70 टक्के आर्द्रता धरून चालतं. त्यातून बाष्पाचा उशीर जेमतेम 12 सेंमी येतो. रत्नागिरीच्या जुलैशी याचा काडीचा संबंध नाही.

धावपट्टी
पूर्ण असहमत. विमानाला प्रत्येक देशात वेगळं मॉडेल देणार का? गोव्यात, मस्कतमध्ये आणि टोरंटोत त्याच रिसीव्हरने तेच गणित करायला हवं, तेही इंटरनेट नसताना आणि बाहेरची आर्द्रता माहीत नसताना. त्यासाठी अक्षांश, उंची आणि तारीख एवढ्यावर भागणारं मॉडेल मुद्दाम निवडलंय. त्यात उभ्या दिशेला 12 सेंमी प्रमाण विचलन आधीच धरलेलं आहे. तुम्ही सांगताय तो 11 सेंमीचा फरक त्यातच बसतो. 'गगन'ला 2015 मध्ये ज्या एपीव्ही-1 दर्जाचं प्रमाणपत्र मिळालं, त्याची उभी इशारा-मर्यादा, म्हणजे उंचीतली चूक ज्यापलीकडे गेली की इशारा द्यायचा, 50 मीटर आहे. चूक छोटी असण्यापेक्षा तिची वरची सीमा खात्रीने माहीत असणं आमच्यासाठी महत्त्वाचं.

सह्यभूमिती
विमानाबद्दल तुमचं बरोबर, तिथे माझी तक्रार नाही. पण तीच गृहीतकं घेऊन लोक कालव्याच्या आणि घाटरस्त्याच्या उंच्या काढतात. तिथे मर्यादा 50 मीटर नाही, दोन-तीन सेंमी असते.

लेव्हलवाला
साहेब, साइटवर या एकदा. बेस (माहीत जागेवरचा रिसीव्हर) आणि रोव्हर (मोजायच्या जागी नेलेला) पाच-सात किलोमीटरवर असले की दोघांच्या डोक्यावर हवा तीच. वजाबाकीत चूक उडून जाते. मग मॉडेल 1966चं असलं काय नि कालचं असलं काय!

सह्यभूमिती
सपाटीवर उडते, घाटात उडत नाही. बेस कर्जतला आणि रोव्हर खंडाळ्याला ठेवा. मधल्या 500 मीटर जाडीच्या दमट हवेतून फक्त बेसचा सिग्नल जातो. पावसाळ्यात त्या थरातलं बाष्प साधारण 6 सेंमी उशीर करतं, 15 अंश सेल्सिअस धरणारं मॉडेल त्यातले निम्म्याहूनही कमी धरतं. उरले तीन सेंमीहून जास्त. दोन ठिकाणांमधल्या अशा उभ्या फरकाची उंचीत साधारण तिप्पट चूक होते. म्हणजे नऊ सेंमीहून जास्त गेले, आणि 'फिक्स', म्हणजे रिसीव्हरच्या मते पक्कं उत्तर, मिळाल्यामुळे स्क्रीनवर सगळं हिरवंगार दिसतं. मला भीती नेमकी याची वाटते.

लेव्हलवाला
बरं, मग उपाय काय? बाष्पाचा उशीर अज्ञात धरून निरीक्षणांतूनच काढायचा, असंच म्हणणार ना? त्याला तासन् तास बसावं लागतं. अर्ध्या तासाच्या डेटात उंची आणि उशीर एकमेकांत असे मिसळतात की वेगळे करता येत नाहीत. वेगळे करायला क्षितिजाजवळचे उपग्रह लागतात, आणि घाटात नेमके तेच डोंगराआड. मी घाटात उंचीला ऑटो लेव्हलच (दुर्बिणीतून पट्टी वाचायचं यंत्र) लावतो, बेंचमार्कवरून, म्हणजे उंची ठाऊक असलेल्या खुणेवरून, आरएल (बिंदूची उंची) घेतो. वेळ जातो, पण हवेच्या भरवशावर राहावं लागत नाही.

आर्द्रा
दोघांशीही थोडा वाद घालते. नुसतं नवं मॉडेल आणून प्रश्न सुटत नाही. जीपीटी-3 हे तपांबराचं मॉडेल घ्या. ते जगभराच्या जाळीवर चालतं, ऋतूही त्यात आहेत, पण सरासरीसोबत फक्त वार्षिक आणि सहामाही चढउतार. जुलैत दहा दिवस पाऊस दडी मारतो तेव्हा कोरडी हवा वरून उतरते, ते त्याला कळणार नाही. हवामान प्रारूपांवर आधारलेलं व्हीएमएफ बरंच चांगलं, मात्र त्याला रोज नवा डेटा लागतो.

माझा आग्रह वेगळा आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाची कॉर्स केंद्रं, म्हणजे कायम बसवलेले रिसीव्हर, चोवीस तास चालू असतात, तिथे 'तासन् तास बसा' ही अडचणच नाही. त्या केंद्रांवर उशीर काढावा आणि तोच आसपासच्या रोव्हरना द्यावा. शिवाय साडेसहा मिमी उशीर म्हणजे सुमारे 1 मिमी बाष्प, म्हणजे हवामानाचा डेटा आयता मिळतो. मुंबई, गोवा, नागपूरहून फुगे सोडतात ते दिवसातून दोनदाच. ढग काही पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचची वाट बघून जमत नाहीत.

सह्यभूमिती
आर्द्राताई, केंद्रांवर उशीर काढण्याला माझा पाठिंबा. पण कॉर्स केंद्रं बहुतेक तालुक्याच्या गावी. एक पायथ्याला, दुसरं घाटमाथ्यावर असेल तर मधल्या चढावर सरळ रेषेत अंदाज काढून चालणार नाही. बाष्प उंचीबरोबर झपाट्याने घटतं, तो उतार धरावाच लागेल. तोवर निदान बेस आणि रोव्हरपाशी थर्मामीटर, आर्द्रतामापक ठेवून खरे आकडे घाला.

लेव्हलवाला
जमिनीजवळची आर्द्रता वरच्या दोन किलोमीटरची खात्री देत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. केंद्राचा उशीर रोव्हरला मिळायला लागला तर घाटात लेव्हलिंगची लाइन शेजारी धरून तपासायला मी तयार आहे, तेही जुलैत. तोपर्यंत घाटातली आरएल लेव्हलनेच.